गियरची गाडी आणि विनागियरचा परवाना

भिवंडीचा नदीनाका ओलांडून शेलार, कवाड, अनगाव या मार्गाने वाड्याच्या दिशेला शाळेसाठी नित्य जाणाऱ्या शिक्षिकेला गियरची मोटारसायकल कशाला हवी, असा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांपैकी एकानेही तो रस्ता पावसाळ्यात दुचाकीवरून पार केलेला नव्हता. स्कूटरचे दहा-बारा इंची चाक ज्या खड्ड्यात पुरते उतरते, तो खड्डा मोटारसायकलचे अठरा इंची चाक बहुधा ओलांडून जाते. आणि मागे भरधाव कंटेनर असताना हा भेद आसनाच्या सुखाचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून वजनाला हलकी, शंभर सीसीच्या आसपासची, गियरची गाडी घ्यावयाची हा निर्णय मी विचारपूर्वक केला होता आणि तो योग्यच होता, असे मी आजही म्हणते.

शिकाऊ परवान्याची चाचणी २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या देता येते. पण परीक्षांचे दिवस असल्यामुळे अर्ज भरण्याचे काम मी एका दलालाकडे सोपविले. ‘मोटारसायकल’ हा शब्द मी त्याच्यापुढे स्पष्टपणे उच्चारला होता, आणि माझा धाकटा भाऊ त्याला साक्षी आहे. पुढे गाडी घेताना विक्रेत्याने तोच परवाना माझ्याकडून मागून घेतला, त्याची छायाप्रत काढली, ती आपल्या दप्तरी लावली, आणि तासभर मला दीडशे सीसीची गाडी कशी ‘रुबाबदार’ आहे हे पटविण्याचा प्रयत्न केला. मी बधले नाही. तेव्हा माझ्या पसंतीच्या गाडीची पावती त्याने नाराजीने फाडली. त्या तासाभरात परवान्यावरील वर्ग वाचण्यास त्याला क्षणभराचीही सवड झाली नाही.

त्यानंतर मी नियमाला तंतोतंत धरून शिकले. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर, दोघांच्याही डोक्यांवर हेल्मेट, मागील आसनावर पक्का परवाना असलेला भाऊ, आणि ती जागा अन्य कोणालाही न देणे, हे सारे मी कसोशीने पाळले. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्यावाचून पक्क्या परवान्याच्या चाचणीस उभे राहता येत नाही. ती मुदत उलटली आणि मी चाचणीपथावर रुजू झाले.

मोटार वाहन निरीक्षकांनी कागद पाहिला, गाडीकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला, आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, “बाई, हा परवाना विनागियरचा आहे. या गाडीवर तुमची चाचणी मला घेता येणार नाही.” परवान्यावरील इंग्रजी आद्याक्षरे गियरच्या वर्गासाठी एमसीडब्ल्यूजी आणि विनागियरच्या वर्गासाठी एमसीडब्ल्यूओजी अशी असतात, माझ्या कागदावर तो एक ‘ओ’ होता. ज्या गाडीवर मी इतके दिवस कायद्याचा प्रत्येक शब्द पाळून फिरले, ती गाडी चालविण्याचा परवानाच कायद्याच्या दृष्टीने मजजवळ नव्हता, हे ध्यानी येताच दंडाच्या पाच हजार रुपयांपेक्षा निराळीच भीती मनाला चाटून गेली. शिकाऊ परवाना हाही परवानाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात म्हटले आहे. परंतु वर्गच निराळा असताना एखादे पोर चाकापुढे आले असते, तर विमा कंपनीने हरकत घेतल्यावाचून सोडले असते काय?

दलालाला जाब विचारला, तर तो हसत म्हणाला, “ताई, लेडीज स्कूटरच घेतात, म्हणून तसं भरलं.” आणि तोडगाही त्याने तत्काळ सुचविला: “स्कूटर मी आणून देतो, राउंड मारा, पास व्हा, मग चालवा गियरची, कोण बघतंय?” विक्रेत्याचे उत्तर याहून कोरडे होते: “मॅडम, गाडी विकणं आमचं काम, लायसन्स बघणं आरटीओचं.” ज्या माणसाने माझ्या परवान्याची प्रत स्वतःच्या हाताने फायलीत लावली, त्याच्या तोंडचे हे वाक्य मी विसरू शकत नाही. दलालाची स्कूटर मी नाकारली. गियरच्या वर्गासाठी नव्याने अर्ज केला, या वेळी स्वतः, सारथी संकेतस्थळावर, आणि पुन्हा तीस दिवस थांबले. तोवर गाडी अंगणात उभी होती आणि तिचे हप्ते मात्र चालू होते.

पहिली गाडी घेणाऱ्याने परवाना हाती येताच, गाडी पाहावयास जाण्यापूर्वी, त्यावरील वर्ग वाचावा. विनागियरच्या परवान्यावर गियरची गाडी चालत नाही, आणि पक्का परवाना मिळाल्यावर गियरचा वर्ग जोडावयाचा तरी पुन्हा शिकाऊ परवाना काढावाच लागतो. दुसरे असे की, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या शिकाऊ माणसाने किती ताकदीची गाडी घ्यावी, याला आपल्या कायद्यात बंधन नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ स्वाराला १२५ सीसी आणि ११ किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही; आपल्याकडे कालच क्लच धरावयास शिकलेल्या मुलाला विक्रेता साडेतीनशे सीसीवर खुशाल बसवू शकतो. म्हणून मर्यादा आपणच घालावी. स्प्लेंडरसारखी गाडी सुमारे ११२ किलोची आणि तिचे आसन ७८५ मिलिमीटर उंच. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, आसन ८०५ मिलिमीटर. आसनाच्या उंचीत फरक दोन सेंटिमीटरचा, वजनात मात्र ऐंशी किलोंहून अधिक; वाहतूक खोळंबलेल्या कल्याण नाक्यावर उतारावर गाडी एका पायावर तोलताना तो कळतो. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात की नाही ते पाहावे, आणि बंद गाडी हाताने मागे ढकलून पाहावी. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यापुढील गाड्यांना एबीएस हे एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने तिचे वर्ष अवश्य विचारावे.

माझ्या वर्गातील जी मुले सोळाव्या वर्षी गाडी मागतात, त्यांच्या पालकांना मी कायदा दाखविते: त्या वयाला केवळ ५० सीसीपर्यंतची मुभा आहे, आणि लूनाचा काळ सरल्यावर तशी नवी पेट्रोलची गाडी बाजारात शोधून सापडणे कठीण. अल्पवयीनाच्या हाती मोठी गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विक्रेत्याला मी लेखी कळविले आहे, की नोंदणीच्या अर्जावर गिऱ्हाइकाच्या परवान्याचा वर्ग लिहिण्यासाठी एक रकाना छापावा. पत्राची पोच मजजवळ आहे. उत्तर आलेले नाही; आता तेच पत्र मी त्यांच्या मुख्य कार्यालयाला धाडीत आहे.