टाळेबंदी आणि रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे हे मावळ तालुक्याचे गाव पुणे-मुंबई महामार्ग, लोहमार्ग आणि चाकणकडे जाणारा रस्ता यांच्या सांध्यावर वसले आहे. एका बाजूस कारखाने, तर दुसऱ्या बाजूस आंदर, नाणे व पवन मावळातील खेडी, असा हा परिसर आहे. येथे १९९५ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय संलग्न आहे. अशा परिसरातील रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात एरवी प्रामुख्याने तीन प्रकारचे रुग्ण येतात : रस्त्यावर किंवा कारखान्यात दुखापत झालेले, गरोदर स्त्रिया आणि छातीच्या विकाराचे रुग्ण. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कारखाने थांबले, पुणे-लोणावळा लोकलही बंद झाली. या तिन्ही प्रकारच्या रुग्णांवर तिचा परिणाम मात्र सारखा झाला नाही.

नोंदवहीतील घट

टाळेबंदीत तपासण्यांची संख्या घटणे हा जगभरचा अनुभव होता. न्यूयॉर्क परिसरातील एका मोठ्या रुग्णालय-समूहात २०२० च्या साथीतील सात आठवड्यांत एकूण तपासण्या सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु या घटीचा अर्थ लावताना सावधगिरी हवी.

दुखापतींच्या बाबतीत घट बऱ्याच अंशी खरी होती. वाहने थांबली, तेव्हा अपघातही कमी झाले. देशात २०१९ मध्ये सुमारे ४ लाख ४९ हजार रस्ते अपघात नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते सुमारे ३ लाख ६६ हजारांवर आले.

गरोदरपणाला मात्र टाळेबंदी नसते. गर्भातील व्यंगांचा शोध घेणारी सोनोग्राफी साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करावी लागते. गर्भपाताची कायदेशीर मर्यादाही त्या वेळी सर्वसाधारणपणे २० आठवड्यांचीच होती. वाहन मिळाले नाही म्हणून तीन आठवडे हुकले, तर ती संधी पुन्हा येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा होता. क्षयरोग टाळेबंदीत ओसरला नव्हता. तो घरात दडून राहिला. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर घसरली. ज्याचा खोकला तपासला गेला नाही, त्याच्यावर उपचार झाले नाहीत आणि संसर्ग त्याच्या कुटुंबात पसरत राहिला. त्याच वर्षी, दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच, जगातील क्षयरोगाचे मृत्यू वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले.

संख्या कमी, श्रम अधिक

तपासण्या घटल्या म्हणून कर्मचाऱ्यांना उसंत मिळाली, असेही नाही. संशयित रुग्णाची तपासणी झाल्यावर यंत्र व खोली निर्जंतुक करावी लागे आणि हवा खेळती होईपर्यंत पुढचा रुग्ण आत घेता येत नसे. क्ष-किरण तंत्रज्ञास संरक्षक पोशाख चढवून काम करावे लागे. अत्यवस्थ रुग्णाला हलवणे धोक्याचे असल्याने फिरते यंत्र त्याच्या खाटेपाशी न्यावे लागे. संसर्ग एकाच वेळी सर्वांना होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांच्या आळीपाळीने तुकड्या कराव्या लागत. जेथे मुळात तंत्रज्ञच दोन-तीन, तेथे एकजण विलगीकरणात गेला तरी विभागाची घडी विस्कटे.

पुढे भार उलट दिशेने वाढला. छातीच्या सी. टी. स्कॅनची मागणी इतकी वाढली की, सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपये अशी कमाल दरमर्यादा ठरवून दिली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य लक्षणे असलेलेही स्कॅनसाठी रांगा लावू लागले. तेव्हा दिल्लीच्या 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना अनावश्यक स्कॅन टाळण्याचे आवाहन करावे लागले. एकीकडे आवश्यक तपासणीपासून रुग्ण वंचित राहिला, तर दुसरीकडे अनावश्यक तपासणीत यंत्र गुंतले.

पुढील काळासाठी

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. तपासणी पुढे ढकलल्याने आजार पुढे ढकलला जात नाही. थांबू शकणाऱ्या व न थांबू शकणाऱ्या तपासण्यांची यादी रुग्णालयाने साथ येण्यापूर्वीच तयार ठेवावी. संशयित व इतर रुग्णांसाठी वेगळी यंत्रे किंवा निदान वेगळ्या वेळा असाव्यात. गावातील गरोदर स्त्रिया व जुनाट खोकल्याचे रुग्ण कोणत्या वाडीवर आहेत, हे आशा स्वयंसेविकेस ठाऊक असते. त्यांना तपासणीच्या दिवशी वाहन व प्रवासाचा परवाना मिळवून देणे हे काम ग्रामपंचायत करू शकते. शिक्षकांनी दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांना वेळीच सावध करावे.

रुग्णालयाच्या नोंदवहीत आकडा खाली आला, तर समाधान मानण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : रुग्ण बरे झाले, की ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत?