सूनबाईंना भारताचं नागरिकत्व

प्रश्न : आमची सून जर्मनीची. लग्नाला नऊ वर्षं झाली, ती तेव्हापासून वाईतच राहते. गेल्या दिवाळीनंतर दीड महिना माहेरी जाऊन आली. तिला नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल का? – एक सासूबाई, वाई

उत्तर : येईल, पण थोडं थांबून. देशीयकरणाने (नॅचरलायझेशन) नागरिकत्व घ्यायला एकूण बारा वर्षांचं वास्तव्य लागतं. भारतीयाच्या जोडीदाराला १९५५च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ५ नुसार नोंदणीने, सात वर्षांत मार्ग मिळतो. मात्र अर्जाआधीचे सलग बारा महिने ती भारतातच हवी. त्याआधीच्या आठ वर्षांपैकी सहा वर्षंही भरायला हवीत. खास कारण असेल तर केंद्र सरकार बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंतच सूट देतं. दीड महिना त्यात बसत नाही. म्हणून पासपोर्टवरचा परतीचा शिक्का बघा आणि त्या तारखेपासून बारा महिने मोजा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तो साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

जर्मन नागरिकत्व मात्र सोडावं लागेल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. हा निर्णय सूनबाईंचाच असू द्या, आग्रह नको. नागरिकत्व न घेताही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर आयुष्यभर राहता येतं, पण मतदान आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही.

असा निर्णय घेतल्याचं एक उदाहरणही आहे. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी सांगली जिल्ह्यातलं कासेगाव आपलं मानलं आणि १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. २०२१ साली त्यांनी कासेगावातच अखेरचा श्वास घेतला.