गाडीची काळी काच : कायदा किती उजेड मागतो?



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खत-पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस गाडीच्या काचेवर लिहीत आहोत, त्याला कारण घडले. गेल्या हंगामात युसूफ वडगाव परिसरातल्या एका फडावरून आम्ही रात्री एका सभासदाच्या गाडीतून परतत होतो. काचांना काळी फिल्म. शेतरस्त्यावरून डांबरीवर चढताना चालकाने उजवीकडे पाहिले, त्याला रस्ता मोकळा वाटला. मागच्या बाजूला आमची काच खाली होती, म्हणून आम्हाला उसाने भरलेली टायरगाडी दिसली. ओरडलो, ब्रेक लागला. बैल बिचकले, एवढ्यावर निभावले. बैलगाडीला दिवा नसतो, हे आपण सारे जाणतोच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० असा आहे : पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. काच तशी राखलीही पाहिजे, असे नियमात आहे. म्हणजे हंगामातली धूळ पुसणे हेही आलेच.

आता दुकानदार म्हणतो, "साहेब, ही पन्नासची फिल्म आहे, कायद्यात बसते." इथेच आपला माणूस फसतो. रोपवाटिकेत ५० टक्क्यांच्या शेडनेटवर तसलीच दुसरी जाळी टाका, खाली पाव उजेड उरतो. काचेचेही तेच. मूळ काच ७० टक्के उजेड सोडणारी असली आणि तिच्यावर ५० ची फिल्म बसली, की उरतो ३५ टक्के. ७० ची फिल्म लावली तरी हिशोब ४९ वर येतो, बाजूच्या काचेलासुद्धा एक टक्का कमीच!

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविशेक गोएंका खटल्यात काचेवर कितीही टक्क्यांची काळी फिल्म लावण्यास मनाई केली. ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. झेड व झेड प्लस सुरक्षा असणाऱ्यांनाच समितीमार्फत सूट मिळू शकते. आपल्यापैकी कुणाला ती असेल असे वाटत नाही. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला, आणि ७०-५० ची मर्यादा पाळणाऱ्या अशा फिल्मला दंड करता येत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. पण तिथेही मोजायचे ते काच आणि फिल्म मिळून. रस्त्यावर हवालदाराशी हा वाद घालत बसण्यापेक्षा फिल्म न लावलेली बरी, असे आमचे मत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० व नंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

उन्हाचे म्हणाल, तर गाडी उभी असताना आतून पुठ्ठा लावा आणि निघताना काढा.

लावलेली फिल्म काढायची झाल्यास कोमट साबणपाण्याने भिजवून कोपऱ्यापासून हळूहळू सोलावी. मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या बारीक तारा असतील तर तिथे ब्लेड चालवू नये, तारा तुटतात.