शिंकेआधी आवळा

सदुसष्टाव्या वर्षी मी बायकोकडून पॅड कसं लावायचं ते शिकलो.

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन आता सव्वा वर्ष झालं. पीएसए ०.१ च्या खाली आहे, म्हणजे त्या बाजूने आम्ही पास. लिहितोय ते दुसऱ्या बाजूबद्दल. हेच ऑपरेशन झालेले दोघे ओळखीचे मला आधी भेटून गेले होते. दोघंही म्हणाले, "एकदम ओके." आता कळतं, त्यांतले एक गृहस्थ आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला का बसले होते.

१. 'थोडे दिवस' म्हणजे किती, ते आधी विचारा.

मी डॉक्टरांना बरंच विचारलं होतं. ग्लीसन स्कोअर किती, रोबोट की नेहमीचं ऑपरेशन, मेडिक्लेम किती देईल. लघवीबद्दल ते एकच वाक्य बोलले, "थोडे दिवस गळेल, काका." मी मनात पंधरवडा धरला. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत बरंच आटोक्यात येतं, सुधारणा वर्षभरही चालू राहते आणि काहींचं थोडंफार राहूनच जातं, हे मला नंतर समजलं. व्यायामही आधीच शिकायला हवे होते. ऑपरेशननंतर नेमका कुठला स्नायू आवळायचा ते शोधणं म्हणजे दिवे गेल्यावर मेणबत्ती शोधणं.

२. नळी काढायला जाताना पॅड बरोबर न्या.

मी इस्त्रीची पँट घालून गेलो. दहा दिवसांनी कॅथेटर निघाला, सुटलो म्हणून खुर्चीतून उठलो, आणि थांबवायचं असतं हे लक्षात येईपर्यंत ओल मोज्यांपर्यंत पोचली होती. रिक्षात हिने भाजीची कापडी पिशवी माझ्याखाली पसरली. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. गेटपाशी उतरल्यावर म्हणाली, "आता भाजी कशात आणायची?"

झालं होतं ते असं. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते. ती काढताना नळीचा तेवढा तुकडाही जातो आणि मूत्राशय खाली ओढून उरलेल्या नळीला शिवतात. या वाटेवर दोन झडपा असतात. वरची आपोआप चालते, खालची आपल्या ताब्यात असते. ऑपरेशनमध्ये वरचीचं काम जवळजवळ संपतं. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन किल्लीदार. एक रजेवर गेला की दुसऱ्याची काय तारांबळ होते ते पाहिलेलं आहे. इथे तर एक कायमचाच निवृत्त झाला होता आणि दुसऱ्याने जन्मात एकट्याने तिजोरी सांभाळलेली नव्हती.

३. शिंकेआधी आवळा.

फिजिओथेरपिस्ट मुलगी सुनेच्या वयाची. म्हणाली, "काका, शिंक, खोकला, उठणं, काही उचलणं, या सगळ्याच्या आधी आवळा."

मी विचारलं, "मोरावळा चालेल का?"

ती हसली. मी हसलो. आणि हसलो म्हणून गळलो.

मग तिने नीट सांगितलं. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं धरून ठेवतो तसं धरायचं, पण ओढ पुढच्या बाजूला हवी. कपडे काढून आरशासमोर उभं राहायचं. लिंगाचं मूळ आत ओढलं गेलं आणि अंडकोश किंचित वर उचलले गेले तर बरोबर. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास रोखायचा नाही. पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा सेकंदांवर न्यायचं. लघवी चालू असताना मधेच अडवून सराव करायचा नाही, नळी आत असताना तर मुळीच नाही. हिच्या मते हे सगळं त्यांच्या योगवर्गातल्या मूलबंधासारखंच आहे. असेल. मला मूलबंधही येत नव्हता.

या व्यायामांना केगेल म्हणतात. आर्नल्ड केगेल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी हे मांडलं ते पुरुषांसाठी नव्हे, बाळंतपणानंतर ज्यांना लघवी आवरत नाही अशा बायकांसाठी. मी हे मोठ्याने वाचून दाखवत होतो. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला आहे ना. धाकट्याच्या वेळेपासून. शिंकले की होतं."

धाकटा अडतीस वर्षांचा आहे.

कार्यालयात शिरल्या शिरल्या बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवणं. एसटी सुटायच्या आधी चहा नको म्हणणं. गडद साड्या. मी अडतीस वर्षं समजत होतो की हिला गडद रंग आवडतात. "सांगितलं का नाहीस?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "कोणाला?" आणि मेथीच्या काड्या घेऊन उठली.

त्यानंतर मी फिजिओकडे कमी आणि हिच्याकडे जास्त शिकलो.

४. पाणी तोडू नका.

मी तोडलं होतं. लघवी गडद आणि जळजळीत झाली, मूत्राशय चिडलं आणि उलट वारंवार घाई होऊ लागली. वर बद्धकोष्ठ. कुंथलं की पुन्हा गळती. तोडायचा तो चहा. पाच कपांवरून दोनावर आलो. यापेक्षा ऑपरेशन सोपं होतं.

५. लग्नाला सकाळच्या मुहूर्ताला जा, रिसेप्शनला नको.

रात्री अंथरुणात मी तिसऱ्या आठवड्यातच कोरडा राहू लागलो. दिवसा मात्र, विशेषतः चारनंतर, नळ सैल व्हायचा. यात गूढ काही नाही. आडवं पडल्यावर झडपेवर भार कमी असतो, आणि दिवसभर उभं राहून संध्याकाळी तो एकटा किल्लीदार थकतो. हे माहीत नसल्यामुळे मी रोज संध्याकाळी खचायचो आणि रोज सकाळी बरा झालो असं समजायचो.

६. वही ठेवा.

वेगळा छोटा वजनकाटा आणला (स्वयंपाकघरातला वापरायचा विचार मी फक्त बोलून दाखवला होता, तेवढ्यावर दोन दिवस अबोला झाला). ओल्या पॅडचं वजन वजा कोऱ्या पॅडचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पहिल्या आठवड्यात दिवसाचे ४१० ग्रॅम, तिसऱ्या महिन्यात १२०, सहाव्यात ३५. रोजच्या रोज काहीच बदललेलं वाटत नाही, मागची पानं उलटली की दिसतं. तपासणीला हे आकडे नेले तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले. वहीत एक गोष्ट ठळक लिहून घ्या: धार बारीक होत चालली, जोर लावावा लागला किंवा ताप आला, तर वाट न बघता जायचं. जोडाच्या जागी वण आकसून वाट अरुंद झालेली असू शकते.

७. वापरलेलं पॅड कुठे टाकायचं, याचा विचार पुरुषांसाठी कोणी केलेला नाही.

पुरुषांच्या मुतारीत कचऱ्याची पेटी शोधून दाखवा. एका मुंजीत मी ओलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झब्ब्याच्या खिशात घालून पंगतीला बसलो होतो. शेवटी हिने पर्स पुढे केली. तिच्या पर्समध्ये कागदी पिशव्या होत्याच.

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने लाल ठिपक्याची रीत सुरू केली आहे. पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. सोसायटीच्या फळ्यावर ही सूचना लावलेली होती. बायकांचं काहीतरी, म्हणून मी ती कधी वाचली नव्हती. आता लाल पेन माझ्या वहीलाच अडकवलेलं असतं.

८. अंथरुणातलं थोडक्यात.

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात. त्या वाचवून ऑपरेशन करायची रीत पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये बाल्टिमोरला घालून दिली. वाचल्या तरी सावरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. ऐन क्षणी थेंब गळतात, अनेकांचे गळतात. आधी लघवीला जाऊन यायचं, टॉवेल अंथरायचा. बाकी आमचं आम्ही बघतो.

९. हास्यसंघ सोडू नका.

मी चार महिने सोडला होता. बागेत सकाळी साडेसहाला हात वर करून सात मजली हसायचं, आणि माझ्याकडे एकच किल्लीदार. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. पाचव्या महिन्यात गेलो, पॅड लावून, आणि न येण्याचं खरं कारण तिघांना सांगितलं. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतले एक, कारखान्यातून निवृत्त झालेले धिप्पाड गृहस्थ, चपला घालताना खाली वाकून कुजबुजले, "कुठल्या कंपनीचं घेता?" त्यांचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वीचं. अजून मोठा डायपर लावून फिरत होते. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला जाड असलेली छोटी पॅड मिळतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. वर्ष उलटूनही गळत असेल तर नळीला आधार देणारी पट्टी बसवता येते, आणि गळती फार असेल तर कृत्रिम झडप: नळीभोवती कडं, अंडकोशाच्या पिशवीत दाबायचा छोटा पंप. त्यांना डॉक्टरांकडे न्यायला मीच गेलो. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा म्हणाले, "बायकोला अजून नक्की माहीत नाही." मी म्हटलं, "माहीत असणार."

१०. माझं आता दिवसाला एक पातळ पॅड, आठ-दहा ग्रॅम.

सकाळी बागेत जायच्या आधी आम्ही दोघं व्यायाम करतो. हिनेही सुरू केलाय. आकडे ती मोजते, कारण मी पाचाचे चार करतो. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की दोघंही हातातलं काम सोडून क्षणभर जागच्या जागी गप्प उभे राहतो, आणि मग शिंकतो.