कागदावर कोणाचे नाव?



आता आपल्याला अक्षरे येतात. एस.टी.ची पाटी वाचता येते. दुकानातला भाव वाचता येतो. आज आपल्याच घरातले कागद वाचू या. पेटीतून शेताचा सात-बारा काढा. घरपट्टीची पावती काढा. होडी असेल तर तिचाही कागद काढा. त्यांवरची नावे मोठ्याने वाचा.

बहुतेक घरांत काय दिसेल? आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, भावांची नावे. बाईचे नाव एखाद्याच घरात सापडेल.

काम कोणाचे?

आता कागद बाजूला ठेवा आणि कामाकडे पाहा. आपला हा रायगडचा किनारा. पुरुष दर्यावर जातो, जिवावर उदार होऊन मासळी आणतो. त्याचे कष्ट मोठे आहेत, यात शंका नाही. पण होडी बंदराला लागली की पुढे काय? मासळी निवडायची, पाटी डोक्यावर घ्यायची, बाजार गाठायचा. गिऱ्हाइकाशी घासाघीस करून पैसे घरी आणायचे. बोंबील वलांडीवर घालायचे, कोळंबीचे सोडे करायचे. हे सारे बाई करते.

शेतातही तसेच. लावणीला बाई दिवसभर पावसात, चिखलात वाकून असते. कापणीला विळा तिच्याही हातात असतो. शिवाय पाणी भरणे, चूल, मुले, म्हातारी माणसे. या कामाला मजुरी नाही आणि सुट्टीही नाही. तरी कोणी विचारले, "तुमची बायको काय करते?" तर उत्तर येते, "काही नाही. घरीच असते."

ताटाकडे पाहा. मासळीची मोठी तुकडी मुलाला, मुलीला नुसते कालवण. आई सर्वांच्या मागून जेवते. धाकट्याला सांभाळायचे झाले तर शाळा मुलीची बुडते. या गोष्टी लहान वाटतात, पण त्या रोज घडतात. त्यांतून मुलगी शिकते की, या घरात माझे काही नाही. मुलगा शिकतो की, सारे माझेच आहे. दोघे मोठी झाली की हाच धडा कागदावर उतरतो.

अंगठा कशावर?

मुंबई आपल्याला जवळ. त्यामुळे मांडवा, अलिबाग, मुरुड या बाजूला जमिनीचे भाव फार वाढले. वडील वारले की त्यांच्या जमिनीत बहिणीचाही हक्क येतो. जमीन विकायची तर तिची सही लागते. मग बहिणीला माहेरचे बोलावणे येते.

"बाय, जरा इथं अंगठा कर."

"दादा, कसला कागद हाय?"

"अगं, कचेरीचं काम हाय. तुला काय त्यातलं कळतंय?"

भावाच्या शब्दावर विश्वास ठेवून बहीण अंगठा करते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. बहिणीला साडीचोळी मिळते, जमिनीतला वाटा जातो. उद्या नवरा वारला किंवा सासरी जाच झाला, तर तिने जायचे कुठे?

सगळेच भाऊ असे नसतात. काही बहिणी समजून-उमजून, राजीखुशीने हक्क सोडतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण सोडण्याआधी आपले काय आहे, ते तर कळायला हवे!

कोणी म्हणेल, "तिच्या लग्नात खर्च केला ना?" खरे आहे. पण मुलाच्या लग्नातही खर्च होतो. त्यासाठी त्याचा वाटा कोणी कापत नाही. कोणी म्हणेल, "बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटते." भावाभावांतही वाटणी होते. तरी गणपतीला ते एकमेकांच्या दारी जातातच. मग बहिणीनेच नाते जपण्यासाठी जमीन का सोडावी?

कायदा काय सांगतो?

महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. 1927 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला आले होते. तिथे ते स्त्रियांशीही बोलले. मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. पुढे ते देशाचे कायदेमंत्री झाले. स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल त्यांनी संसदेपुढे नेले. त्याला फार विरोध झाला. ते रखडले, आणि 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याचे हे एक मोठे कारण होते.

पण ते काम वाया गेले नाही. 1956 साली हिंदू वारसा कायदा झाला. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांना सारखा वाटा मिळू लागला. मात्र वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क नव्हता. 1994 साली महाराष्ट्राने तो दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून तो हक्क देशभर झाला. मुलगी लग्नाची असो वा बिनलग्नाची, तिचा हक्क मुलाएवढाच. 11 ऑगस्ट 2020 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. 2005 साली वडील हयात असलेच पाहिजेत, असे नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुसलमानांचा वारसा कायदा वेगळा आहे. त्यातही मुलीला वाटा आहे, पण तो भावाच्या निम्मा असतो. कातकरी, ठाकर अशा आदिवासी बंधुभगिनींना 1956 चा कायदा सरळ लागू होत नाही. त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आणि बायकोचे नाव? 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्याने आपली काही जमीन बायकोच्या नावे करावी, असे त्यांनी सांगितले. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी तसे केले. पुढे सरकारनेही 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या दप्तरात नवरा-बायको दोघांची नावे लावण्यास सांगितले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असे लिहायचे ठरले आहे.

आपण काय करावे?

1. कागद वाचल्याशिवाय सही करू नये, अंगठाही देऊ नये. वाचायला अवघड वाटला, तर "उद्या देते" म्हणावे आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. 'हक्कसोडपत्र' हा शब्द नीट ओळखून ठेवावा.

2. घरातला खातेदार वारला, तर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्यावा. तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायचा असतो. त्यात मुली, बायको आणि आई यांची नावे आहेत ना, ते पाहावे.

3. घराच्या नोंदीत बायकोचे नाव लावण्यासाठी नवऱ्याने ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा.

4. तंटा झालाच, तर स्त्रीला सरकारकडून फुकट वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे विचारले जात नाही. रायगडसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी अलिबागला जिल्हा न्यायालयात आहे.

5. आज रात्री सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. तुकड्या सारख्या वाढाव्यात. याला अर्ज लागत नाही.

कठीण शब्द

हक्कसोडपत्र – मिळकतीतला आपला हक्क सोडल्याचा कागद.
वारस – माणूस वारल्यावर त्याची मिळकत ज्याला मिळते तो किंवा ती.
वडिलोपार्जित – वाडवडिलांकडून चालत आलेली.
खातेदार – ज्याच्या नावावर जमिनीचे खाते आहे तो किंवा ती.

प्रश्न

1. तुमच्या सात-बारावर किती नावे आहेत? त्यांत बायकांची किती?
2. मुलीला मुलाएवढा हक्क देशभर कोणत्या साली मिळाला?
3. तुमच्या घरी काल सर्वांत शेवटी कोण जेवले?
4. वहीत आपले पूर्ण नाव लिहा. त्यात आईचे नावही घाला.