चुल्लपंथकाचे वस्त्र आणि आपल्या घरातले मूल



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. ‘शिका’ हा त्यांचा आदेश आपण शिरोधार्य मानला. पोटाला चिमटा घेऊन मुले शाळेत घातली. परंतु ज्या घरातल्या मुलाला किती शिकविले तरी अक्षर लागत नाही, त्या घराने काय करावे? शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात असे मूल लाज वाटून लपविले जाते. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवितात. हे धम्माला धरून आहे काय, याचा विचार आजच्या पाठात करू.

१. तथागतांनी काय केले?

राजगृहातील एका धनिक श्रेष्ठीच्या मुलीने घरच्या दासाबरोबर संसार थाटला. त्यांना वाटेवर दोन मुलगे झाले, म्हणून त्यांची नावे महापंथक आणि चुल्लपंथक. दोघेही पुढे भिक्खू झाले. थोरला विद्वान निघाला. धाकट्याला मात्र चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. तेव्हा सख्ख्या भावानेच त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. जीवकाने संघाला भोजनास बोलाविले, त्या निमंत्रणातही त्याने धाकट्याला धरले नाही.

पहाटे चुल्लपंथक निघाला, तो दारातच तथागत भेटले. त्यांनी त्याला हाताला धरून परत आणले. गाथा पाठ करण्याचा आग्रह धरला नाही. स्वच्छ पांढरे वस्त्र हाती दिले आणि ‘मळ निघतो’ एवढेच म्हणत ते चोळावयास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. सर्व काही बदलते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि तो अर्हत झाला. इकडे जीवकाच्या घरी तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात एक भिक्खू राहिला आहे असे सांगून त्याला बोलावून घेतले.

यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. ज्या रीतीने शिकविले ती रीत त्याला लागू पडली नाही, तेव्हा तथागतांनी रीत बदलली. आणि तो पंगतीत येईपर्यंत ते थांबले.

२. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे

याच कथेला अट्ठकथेत पूर्वजन्मीच्या कर्माची गोष्ट जोडलेली आहे. ती आपण स्वीकारू नये. पूर्वजन्मीच्या पापाने माणूस हीन जन्मतो, याच शिकवणुकीने आपल्याला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी ही कल्पना बुद्धाची नव्हे, असे कारणे देऊन दाखविले आहे. मग तीच कल्पना आपण आपल्या लेकराच्या माथी कशी मारावी? जन्मतःच गुणसूत्रांत फरक असणे, जन्मल्यावर श्वास उशिरा सुरू होणे, आईच्या आहारात आयोडीन नसणे, मेंदूपर्यंत गेलेला ताप, अशी याची कारणे असतात. कित्येकदा कारण सापडतही नाही. त्यावर गंडा, दोरा, अंगारा हा उपाय नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने आईला दोष देऊ नये.

३. दोन प्रकार ओळखा

बौद्धिक अक्षमता असलेले मूल बोलणे, कपडे घालणे, पैसे मोजणे, सारेच सावकाश शिकते. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेले मूल बोलण्यात हुशार असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांत अडते. आधी कान व डोळे तपासून घ्या. मग सरकारी रुग्णालयात तपासणी करा. आपल्या मुलांना ‘यांची मुले मठ्ठच’ म्हणून मागच्या बाकावर बसविणारे शिक्षक अनेकांनी पाहिले आहेत. म्हणून शेरा मान्य करू नका, तपासणी मागा.

४. आपले हक्क

१९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत हे दोन्ही आहेत. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमता असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीतील किमान ४ टक्के राखीव जागांतही यांचा वाटा आहे. दिव्यांग माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात आपल्या अपमानाबद्दल अशीच शिक्षा आहे. तेव्हा ‘भैताड’ म्हणून हसणाऱ्याने याचा विचार करावा.

‘आमच्यामागे याचे कोण?’ ही आईबापांची काळजी खरी आहे. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो.

नागपुरात हे काम नवे नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली सुरू केलेल्या मातृसेवा संघाने अशा मुलांसाठी ‘नंदनवन’ उभे केले. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

५. विहारात जागा द्या

वंदनेला अशा मुलाला सोबत आणा. सतरंजी अंथरणे, मेणबत्ती लावणे, बुद्धपौर्णिमेला खीर वाटणे, यांतले एक काम कायमचे त्याचे ठरवा. सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा, करून दाखवा आणि वाट पाहा. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरील गर्दीत त्याच्या खिशात नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, परंतु त्याला घरी ठेवू नका. सारी माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. तिच्यात गाथा पाठ येण्याची अट नाही.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१) चुल्लपंथकाला कोणी घालविले आणि का?
२) आपल्या वस्तीत वंदनेला न येणारे असे मूल कोणत्या घरी आहे?
३) येत्या पौर्णिमेला त्याला आणावयास कोण जाणार?