अंत्रगळ : उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीची?

पोटाच्या भिंतीतील स्नायूंचा थर दुबळा झाला म्हणजे त्यातून चरबी किंवा आतड्याचा भाग बाहेर येतो आणि त्वचेखाली फुगवटा दिसतो. यासच अंत्रगळ अथवा हर्निया म्हणतात. बेंबी, जांघ व जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण ही त्याची नेहमीची स्थाने होत. प्रौढांचा अंत्रगळ औषधाने किंवा पट्ट्याने बरा होत नाही; त्यास शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

हुबळी-धारवाड परिसरातील शेतकऱ्यास किंवा अमरगोळच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालास दोन प्रश्न पडतात : शस्त्रक्रिया कोणती करावी आणि कामावर केव्हा परतता येईल?

उघड्या पद्धतीत फुगवट्यावर छेद घेऊन आतडे आत सारतात व दुबळ्या जागी जाळी बसवून टाके घालतात. अंत्रगळ लहान असल्यास केवळ त्या जागेस भूल देऊनही हे करता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत पूर्ण भूल देऊन, पोटात वायू भरून, लहान छिद्रांतून जाळी बसवितात. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया १९९० साली मुंबईच्या ज. जी. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पित्ताशय काढून घातला.

दुर्बिणीच्या पद्धतीत जखम चिघळण्याचे प्रमाण कमी असते व रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो. मात्र खर्च अधिक येतो आणि क्वचित आतड्यास इजा होऊ शकते. अंत्रगळ फार मोठा असल्यास किंवा पूर्ण भूल झेपण्यासारखी नसल्यास उघडी पद्धत योग्य ठरते. अंत्रगळ पुन्हा उद्भवण्याच्या बाबतीत दोहोंत फारसा फरक नाही.

जाळीची किंमत हीही अडचण असते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे निर्जंतुक कापड जाळी म्हणून वापरले. जांघेच्या अंत्रगळावर युगांडात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महाग जाळीच्या तोडीची ठरली. रुग्णाने घरी असा प्रयोग मुळीच करू नये, हे सांगणे नकोच.

शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू व धूम्रपान सोडावे, मधुमेह आटोक्यात आणावा आणि जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांवर उपचार घ्यावेत. १९५७ साली हुबळीत स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जनचा सल्ला घेता येतो.

फुगवटा आत जाईनासा झाला, तीव्र वेदना किंवा उलट्या सुरू झाल्या, शौचास वा वायू सरेनासा झाला, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी पद्धतीचा विचार करीत न बसता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.